घरटी एक

कुरणाला तारेचं कुंपण घातलं त्या दिवशी म्हशी नेहमीच्या वाटेनं गेल्या आणि तारेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पद्मानं काठी दाखवून त्यांना वळवायला पाहिलं, पण पुढची चांदरी काही हलेना. तिनं तारेखालून मान घातली, पलीकडचं गवत जिभेनं ओढलं, काटा गळ्याला रुतल्यावर मान बाहेर काढली आणि पुन्हा तिथेच घातली. कंत्राटदाराची माणसं सिमेंटचे खांब रोवत होती. त्यातला एक म्हणाला, "मौसी, उधर से ले जाओ." उधर म्हणजे कुठून, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. तो भलत्याच गावचा होता.

कोठारपुरा हे बडोद्याबाहेर, सावली रस्त्यावरून आत वळलं की लागणारं गाव. गाव गुजराती, पण पाच-सहा घरं मराठी. नंदू मोहित्याचा पणजोबा गायकवाडीत पागेच्या घोड्यांसाठी राखलेल्या कुरणावर राखणदार म्हणून आला आणि इथलाच झाला. पुढे संस्थान गेलं, घोडे गेले, कुरणाचं गौचर, म्हणजे गावाचं सामाईक चराऊ रान झालं, आणि राखणदाराच्या नातवंडांनी त्यावर म्हशी चारल्या. शेत असं मोहित्यांकडे कधीच नव्हतं. चार सुरती म्हशी, सकाळ-संध्याकाळ दूध गावच्या सहकारी मंडळीत घालायचं, त्यावर घर चालायचं. नंदू, त्याची बायको पद्मा आणि मुलगी शर्वरी, एवढीच माणसं.

कुंपणाआधी मंडळीच्या ओट्यावर सभा झाली होती. बडोद्यातल्या अकोट्याहून मोहनराव आले होते. ते निवृत्त प्राध्यापक, गौचरावर उभ्या राहणाऱ्या नव्या संकुलाच्या समितीवर. त्यांचे वाडवडील दरबारात कामाला होते. गोरेपान, पांढरा शर्ट, बोलणं हळू. सगळं गुजरातीत सांगून झाल्यावर ते मुद्दाम मराठी बायका बसल्या होत्या त्या बाजूला वळले.

"विद्यापीठ, सरकार आणि कंपन्या, तिघं मिळून हे उभं करतायत," ते म्हणाले. "चाऱ्यावर, दुधावर, पशुखाद्यावर इथे संशोधन होईल. नव्या पोरांना नवे धंदे काढायला जागा मिळेल. तुमच्या मुली इथेच शिकतील आणि इथेच नोकरी करतील. गौचरावर ज्यांची गुरं चरत होती त्यांच्या घरटी एकाला काम. हा माझा शब्द आहे."

नंदू मागून म्हणाला, "आणि म्हशी, साहेब?"

"अहो, म्हशींसाठीच तर चाललंय सगळं," मोहनराव हसून म्हणाले. लोक हसले. नंदूही हसला.

संकुलाचं लांबलचक नाव फाटकावर तीन भाषांत लागलं, पण गावात त्याला सगळे हबच म्हणत. हबच्या पहिल्या अभ्यासक्रमाला शर्वरीनं नाव घातलं. बारावी सायन्स करून ती घरी बसली होती. वर्षभराचा कोर्स, प्रयोगशाळेतल्या मदतनिसाचा. इमारत पुरी होईपर्यंत वर्ग बडोद्यातल्या एका कॉलेजात भरायचे. सकाळच्या बसनं ती जायची, संध्याकाळी यायची आणि भाकरी थापत असलेल्या आईला सांगायची, आज दुधातली भेसळ कशी ओळखायची ते केलं, आज चारा वाळवून त्यातलं सत्त्व मोजलं. पद्माला त्यातलं अर्धं कळायचं. पण पोरीच्या बोलण्याला एक तोल आला होता. मधे थांबायची, मग नेमकं सांगायची. ते पद्माला फार आवडायचं. कुणी विचारलं तर ती सांगायची, "आमची शर्वरी हबमध्ये लागणार आहे. घरटी एक घेणारेत ना."

उन्हाळा आला तसा चारा संपला. आजवर गौचर सुकलं तरी त्यावर काही ना काही उभं असायचं. आता नंदू आणि पद्मा पहाटे विळा घेऊन कालव्याच्या कडेनं हिंडत. कालव्याचा चौकीदार हाकलायचा. शेतांच्या बांधावर बसलं तर शेतवाला लांबूनच ओरडायचा, "कोण छे ए?" ज्यांच्या घरी मोहित्यांच्या म्हशींचं शेण वर्षानुवर्षं फुकट गेलं होतं, तेच आता दोन पेंढ्यांसाठी पद्माच्या तोंडाकडे टक लावून बघत आणि मग म्हणत, "आज नथी." गवताच्या पात्यांनी तिची बोटं चिरली होती. चुलीपाशी मीठ चिमटीत घेतलं की झोंबायचं.

एके दिवशी डोक्यावर भारा घेऊन कालव्याच्या सिमेंटच्या उतारावरून चढताना नंदूचा पाय निसटला. भारा पाण्यात गेला आणि तो कमरेवर आपटला. गावातल्या टेम्पोत आडवा घालून त्याला बडोद्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. हाड सांधेल, पण ओझं पुन्हा उचलता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. दवाखान्यातून आणल्यावर ओसरीवर त्याची खाट घातली. तिथून त्याला गोठा दिसायचा. व्यापारी आला, त्यानं म्हशींचे दात बघितले, कास दाबून पाहिली, तेव्हा नंदूनं भिंतीकडे तोंड केलं. दोन म्हशी गेल्या. वैशाख सरता सरता तिसरी गेली. चांदरी गाभण होती म्हणून राहिली.

त्याच सुमारास कैलाशबेन गावात आली. हबची इमारत पुरी झाली होती आणि साफसफाईच्या कंत्राटदाराला बायका हव्या होत्या. कैलाशबेन त्याची सुपरवायझर. तोंडात तपकिरीची मिसरी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मंडळीपाशी बायकांची रांग लागली. पद्माही उभी राहिली. घरात दूध उरलं नव्हतं, शर्वरीचा कोर्स संपायला महिना-दीड महिना होता आणि बसचा पास तरी काढायला हवा होता.

कैलाशबेन प्रत्येकीला एकच विचारत होती, "गौचरवाळा के बीजा?" गौचरावरच्या घरातली की दुसरी.

गौचरवाल्या घरांच्या बायकांना आधी घेत होते, हे रांगेतच कळलं होतं. पद्मा म्हणाली, "गौचरवाळा." खोटं नव्हतं. तिला लगेच घेतलं.

इमारत आतून थंड होती. पहिल्या दिवशी तिला थंडी वाजली. बाहेर वैशाखाचं ऊन आणि आत अंगावर काटा, हे तिला चमत्कारिक वाटलं. फरशी इतकी गुळगुळीत की दांड्याला बांधलेल्या फडक्यानं पोता मारताना पाय सरकायचे. काचेच्या भिंती होत्या. त्या पुसायला कैलाशबेननं रबराची पट्टी लावलेला दांडा दिला आणि डाग राहिला तर काय होईल ते सांगितलं. फिनेलनं पद्माच्या जुन्या चिरा पांढऱ्या पडल्या, मग उकलल्या. कँटीनमध्ये साफसफाईवाल्यांनी बसायचं नव्हतं. त्यांचे डबे मागच्या जिन्याखाली. प्यायचं पाणी बागेच्या नळाचं. आतल्या थंड पाण्याच्या मशीनला कुणी हात लावू नये असं कुठे लिहिलं नव्हतं. पण एकदा पद्मानं बाटली भरली तर मागे उभा असलेला मुलगा पुढे आलाच नाही. ती जाईपर्यंत मोबाइलमध्ये बघत राहिला आणि मग त्यानं नळाची तोटी रुमालानं पुसली. त्यानंतर ती बागेतच गेली.

हे सगळं तिला चालत होतं. कारण दुसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळा होती. लांब पांढरी टेबलं, प्लास्टिक न काढलेली यंत्रं. तिथली फरशी पद्मा दोनदा पुसायची. पुसताना वाटायचं, पोरगी इथे उभी राहील, खिडकीजवळ. खिडकीतून पूर्वीचं गौचर दिसायचं. त्यावर आता चौकोनी वाफे होते आणि प्रत्येक वाफ्यात वेगळ्या जातीचा चारा, ठिबकच्या नळ्यांवर, हिरवागार. चांदरीला दाखवावा असा. एकदा तिनं माळ्याला कापलेल्याचं काय करता म्हणून विचारलं. तो म्हणाला, "वाळवून तपासतात, मग खड्ड्यात घालतात. बाहेर द्यायची मनाई आहे."

शर्वरी पहिल्या वर्गात पास झाली. प्रयोगशाळेच्या जागा निघाल्या. मुलाखतीच्या दिवशी पद्मानं तिला स्वतः इस्त्री केलेला ड्रेस दिला. दोघी बरोबरच निघाल्या. फाटकाशी पद्मा मागच्या दारानं गेली आणि शर्वरी पुढच्या. पद्मानं खालचा मजला पुसायला घेतला आणि तो संपायच्या आत शर्वरी जिन्यावरून खाली येताना दिसली.

"झालं?"

"घेतलंच नाही आत."

"का?"

शर्वरी आईच्या हातातल्या दांड्याकडे बघत होती. "आपल्या घरातलं एक माणूस घेऊन झालंय म्हणाले."

पद्माला आधी अर्थच लागला नाही. मग लागला तेव्हा तिनं दांडा भिंतीला टेकवला. तो सरकून मोठा आवाज करत पडला. वरून कुणीतरी डोकावलं.

माणसं नेमण्याचं काम पीयूषभाईंकडे होतं. तरुण माणूस, बोलायला गोड. त्यानं पद्माला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"मासी, तुम्हीच सांगितलंत ना गौचरवाळा म्हणून?" तो गुजरातीत म्हणाला. "तुमच्या घराचा वाटा दिला गेला. बाकीच्या घरांनाही एकच आहे. तुम्हाला दोन दिले तर ते मला काय म्हणतील?"

"ते झाडूचं काम आहे," पद्मा म्हणाली.

"काम ते काम. आम्ही कुठे फरक करतो?"

"मग मी आजच सोडते. माझ्या जागी तिला घ्या वर."

"सोडलंत तर वाटा संपला. परत उघडत नाही. आणि खुल्या जागांना बीएस्सी लागतं."

"तुमच्याच कोर्सची पास आहे ती."

"म्हणूनच तर मुलाखतीला बोलावलं," पीयूषभाई खरोखरच वाईट वाटल्यासारखा चेहरा करून म्हणाला. बाहेर येताना पद्माच्या लक्षात आलं की तिच्या ओल्या पावलांचे ठसे त्याच्या खोलीत उमटले होते. ती परत आत गेली, तिनं पदरानं ते पुसले आणि निघाली. का पुसले, याचा तिला नंतर किती दिवस राग येत राहिला.

घरी त्या संध्याकाळी कुणी धड जेवलं नाही.

"तू कशाला सांगितलंस गौचरवाळा म्हणून?" शर्वरी म्हणाली.

"मग काय सांगायचं होतं? कोण आहोत आपण?"

"बीजा म्हणायचं. थोडं थांबायचं."

"थांबून खायचं काय? तुझा पास कुठून आला?"

खाटेवरून नंदू म्हणाला, "तिला बोलू नकोस शर्वरी. तुझ्यासाठी गेली ती."

"तेच तर," शर्वरी म्हणाली. ती उठून गोठ्यात गेली आणि चांदरीला पाणी दाखवत बराच वेळ उभी राहिली.

रविवारी पद्मा तिला घेऊन अकोट्याला गेली. स्टेशनवर बस बदलली, विश्वामित्रीचा पूल ओलांडला, विचारत विचारत बंगला काढला. मोहनरावांच्या पत्नी निरुपमाबाईंनी दार उघडलं. "गावाकडची मंडळी आलीत," असं आत सांगितलं आणि चहा टाकला. चहा चांगल्या कपांतून आला, बरोबर शेवेची ताटली. मोहनरावांनी शर्वरीला काय काय शिकलीस विचारलं. तिनं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पत्नीकडे बघितलं, म्हणाले, "बघ, आपली मराठी मुलगी किती नीट बोलते."

पद्मानं सगळं सांगितलं. रडायचं नाही असं ठरवून ती आली होती, आणि रडली नाही.

"पद्माबाई, नियम केला तेव्हा मीच होतो," मोहनराव म्हणाले. "घरटी एक. सगळ्यांना सारखं मिळावं म्हणून. त्यात तेव्हा कुठलं काम हे आम्ही घातलं नाही. ते राहिलंच म्हणा."

"मग आता घाला."

"तिघांची भागीदारी आहे ना. एकानं म्हणून होत नाही. विद्यापीठ कंपन्यांकडे बोट दाखवतं, कंपन्या सरकारकडे." त्यांनी कप खाली ठेवला. "पण मी बोलतो. तुम्ही काळजी करू नका."

निघताना निरुपमाबाईंनी शर्वरीच्या हातावर एक छानसा डबा ठेवला. त्यात लाडू होते. बसमध्ये शर्वरीनं तो मांडीवर धरला होता. गावाच्या फाट्यावर उतरताना तिनं तो सीटवरच ठेवला. पद्मानं पाहिलं आणि ती उतरली.

पुढचे काही आठवडे शर्वरी मकरपुऱ्याच्या, गोरव्याच्या कारखान्यांत फिरली. कुठे म्हणाले बीएस्सी पाहिजे, कुठे म्हणाले अनुभव पाहिजे. एका ठिकाणी साहेबानं सर्टिफिकेट उलटं सुलटं करून विचारलं, "ही संस्था कुठे आली?" तिनं सांगितलं तर म्हणाला, "अच्छा, मग तिथेच का नाही लागलात?" पाऊस सुरू झाला होता. रोज चपला हातात घेऊन ती चिखलातून घरी यायची. बोलायची कमी. तिच्या बोलण्यातला तो तोल गेला होता. आता ती चटकन काहीतरी टाकून द्यायची आणि उठून जायची.

मग पीयूषभाईनं पद्माला बोलावलं. मोहनराव साहेबांचा फोन आला होता. साहेबांच्या शब्दाखातर खास बाब म्हणून एक गोष्ट मान्य झाली होती. पद्माच्या जागी मुलगी येऊ शकत होती.

"वर?" पद्मानं विचारलं.

"त्याच जागेवर, मासी. पण आत तर येईल ना. आत असलं माणूस की पुढे कधी काही निघालं तर आपण बघू शकतो."

तिनं घरी येऊन हे नुसतं सांगायचं म्हणून सांगितलं. नंदूनं खाटेवरून हबला, मोहनरावांना, पीयूषभाईला आणि शेवटी स्वतःच्या कमरेला शिव्या घातल्या. पद्मा म्हणाली, "मी नाही म्हणून आलेय." आली नव्हती. विचार करून सांगते, असं म्हणून आली होती. तिचे गुडघे सुजले होते. फिनेलनं बोटांची कातडी सोलली होती. चांदरी व्यायला झाली होती, आणि नंदूला उठवून बसवायला दिवसा घरात कुणी नव्हतं. नाही म्हणून आलेय, असं म्हणताना तिला आतून वाटत होतं की पोरीनं हो म्हणावं. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही.

शर्वरी म्हणाली, "मी जाते."

"वेडी आहेस का?"

"आत राहिलं तर बघतील म्हणालेत ना."

"असं कुणी बघत नसतं," नंदू म्हणाला.

"मग काय करू? घरी बसू?" शर्वरी म्हणाली. पद्मा उठून चूल सारवायला लागली. चूल सकाळीच सारवली होती.

पहिले दोन दिवस पद्मानं बरोबर येऊन काम दाखवावं असं कैलाशबेननं सांगितलं. साफसफाईवाल्यांचा निळा कोट शर्वरीला खांद्यावर मोठा झाला. पद्मानं तिला बादलीत फिनेल किती घालायचं ते दाखवलं. काचेवर पट्टी वरून खाली कशी ओढायची, माणसं येताना दिसली की दांडा अंगाशी धरून भिंतीला कसं लागायचं, तेही दाखवलं. शर्वरी ऐकत होती. शिकायची सवय होती तिला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. कुठल्याशा दुसऱ्या राज्यातून, इथे कसं उभं केलं ते बघायला. मोहनराव त्यांना फिरवत होते. दुसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळेच्या दाराशी दोघी भिंतीला लागून उभ्या होत्या. मोहनरावांची नजर शर्वरीवर पडली, आणि ते थांबले. ओळख पटल्याचा खरा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता.

"ही मुलगी याच गावची," ते पाहुण्यांना हिंदीत म्हणाले. "हिचं घर इथल्या गौचरावर जगत होतं. आमच्या पहिल्या तुकडीत शिकली, पहिल्या वर्गात आली आणि आज इथेच काम करते. आपल्या मातीत शिक्षण आणि आपल्या मातीत रोजगार, तो हा असा."

पाहुण्यांतल्या एका बाईंनी कौतुकानं शर्वरीच्या खांद्यावर हात ठेवला. कुणीतरी फोटो काढला. शर्वरीच्या हातात दांडा होता, बादली पायाशी होती. ते कुणाला दिसलं नाही असं झालं नसणार. मोहनरावांनी पद्माकडेही बघून मान हलवली, झालं ना काम, अशा अर्थानं. पद्माच्या तोंडाशी शब्द आले होते. पुष्कळ आले होते. साहेब, तिला विचारा ती काय काम करते, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. तिनं हात जोडले.

पाहुणे आत गेले. बाहेर पाऊस होता. त्यांच्या बुटांच्या चिखलाचे पट्टे सबंध फरशीवर उमटले होते. जिन्याच्या तोंडाशी कैलाशबेन येऊन उभी राहिली आणि फरशीकडे बघू लागली.

शर्वरीनं पोता बादलीत बुडवला, काढला, पिळला आणि फरशीवर टाकला. पाणी राहिलं होतं. चिखल पुसला न जाता पसरला. तिनं परत तसंच केलं. आत मोहनरावांचा आवाज चालू होता. काचेच्या पलीकडे टेबलाशी कुणी एक मुलगी यंत्राचं झाकण उघडून दाखवत होती.

पद्माच्या कानशिलात रक्त चढलं. राग कुणावर काढायचा, याचा विचार तिनं केला नाही. ती पुढे झाली, शर्वरीच्या हातातून दांडा हिसकला आणि कैलाशबेनला ऐकू जाईल अशा आवाजात, तिच्याच सुरात, गुजरातीत म्हणाली, "आवुं कराय? कोरुं निचोव. केटली वार कहेवानुं?"

असं करतात का, कोरडं पीळ, किती वेळा सांगायचं. आयुष्यात पोरीशी ती गुजरातीत कधी बोलली नव्हती.

शर्वरीनं वर बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग नव्हता, ओळखही नव्हती. तिनं दांडा परत घेतला, पोता बादलीत घातला आणि दोन्ही हातांनी नीट, कोरडा होईपर्यंत पिळला.

"हा, बेन," ती म्हणाली.